आत्याच्या चित्रांतले उभे धागे

आत्याच्या चित्रांत आडवी रेघ नसते. वरून खाली उतरणाऱ्या रेघा, एकीला खेटून दुसरी, कॅनव्हासच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. रंग चारच: काळा, करडा, तपकिरी आणि मळकट पांढरा. रेघ कुठे जाड होते, कुठे तुटायला येते आणि तशीच पुढे जाते. रंगात ती चिंचोक्याची खळ घालते. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून, वाटून स्वयंपाकघरातच शिजवते, त्यामुळे तिच्या घरात शिरलं की आधी तो आंबूस वास येतो. लहानपणी मला वाटायचं, सगळे चित्रकार असंच करत असतील.

आत्या सांगलीत राहते. शाळेत चित्रकला शिकवायची. तिचे यजमान गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर ती पूर्ण वेळ चित्रं काढू लागली. ती पप्पांची थोरली बहीण. आम्ही साताऱ्याला. पप्पा सैन्यातून निवृत्त झालेले, सकाळी फिरायला जातानाही बूट चकचकीत करणारे.

गेल्या भाद्रपदात तिचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं, सांगलीतल्याच एका सभागृहात. आयोजकांना दारातल्या भिंतीवर लावायला मजकूर हवा होता, मराठीत आणि इंग्रजीत: चित्रांविषयी थोडं, घराण्याविषयी थोडं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला ते बरंच वाटलं. चार माणसांत बोलायचं नसेल, नुसतं लिहायचं असेल, तर मी कुठलंही काम घेते.

अडचण घराण्याची होती.

आमचे पणजोबा औंधच्या दरबारात चित्रकार होते, असं मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. पप्पा ते शेजाऱ्यांना सांगत, लग्नाकार्यात सांगत. दादाचं लग्न ठरताना त्यांनी ते व्याह्यांना सांगितलं. व्याही वाळव्याकडचे, मोठे ऊसवाले. त्यांच्या घरात शिकलेले पुष्कळ, पण कलेचं कुणी नव्हतं. त्यांना ती गोष्ट फार आवडली. ‘आमची लेक दरबारी चित्रकाराच्या घरात दिली आहे’ असं ते आता त्यांच्या पाहुण्यांना सांगत होते, आणि त्यातल्या काहींना घेऊन उद्‌घाटनाला येणार होते. नंतर पप्पांना जेवायला आपल्या गावी नेणार होते.

मी मजकूर लिहायला सांगलीला गेले तेव्हा पप्पाही सोबत आले. पहिल्याच संध्याकाळी मी वहीत दरबाराचं वाक्य लिहून आत्याला दाखवलं. तिने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“तुझे पणजोबा औंधला जायचे ते यमाईच्या जत्रेत घोंगडी विकायला,” ती म्हणाली. “आपण घोंगडी विणणारी माणसं. तसंच लिही. ते खोटं भिंतीवर असंल तर माझं एकबी चित्र तिथं लागणार न्हाई.”

पप्पा समोरच पेपर वाचत होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तसं लिहिलंस तर व्याह्यांसमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहू, ते बी हिला विचार.”

पुढचे दिवस असेच गेले. दोघं एका खोलीत बसायचे आणि एकमेकांना सांगायचं ते मला सांगायचे. पप्पांचं म्हणणं असं की म्हातारपणी खरं-खोटं करून कुणाचं भलं होणार आहे. आत्याचं म्हणणं असं की तिच्या म्हातारपणाची काळजी कुणी करू नये. मी मान हलवायचे आणि वही मिटून ठेवायचे.

आमचं मूळ गाव रहिमतपूरच्या पलीकडे. तिथे घरात माग होता, हे मला आत्याकडूनच कळलं, तेही त्या आठवड्यात, भाजी निवडताना. माग म्हणजे जमिनीतला खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. विणण्याआधी लोकरीचे उभे धागे गल्लीभर ताणून ठेवायचे, त्याला ताणा म्हणायचं. त्या ताण्याला मोठ्या कुंच्याने खळ लावायची आणि कडक उन्हात वाळवायची, म्हणजे धागा मागावर तुटत नाही. शाळेत पप्पांच्या शेजारी कुणी बसायचं नाही, अंगाला लोकरीचा आणि खळीचा वास येतो म्हणून. मेंढरू आलं, असं म्हणून पोरं वर्गात बें-बें करायची. हे सांगताना आत्याने आवाज खाली केला होता, कारण पप्पा बाहेर झोपाळ्यावर होते.

उद्‌घाटन तोंडावर आलं तरी मजकूर झाला नव्हता. दोन नवी चित्रंही मागच्या खोलीत अजून ओली होती. त्यातलं मोठं चित्र आत्याने कित्येक महिने थरावर थर देऊन केलं होतं. ते बरोबर समोरच्या भिंतीवर लावायचं ठरलं होतं. दिवे बघायला म्हणून आम्ही दोघी सभागृहात गेलो. पप्पा घरीच थांबले.

परत आलो तर मागची खोली रिकामी. आत्या जिना चढली. मी तिच्या मागे.

भाद्रपदातलं ऊन होतं. गच्चीवर दोन्ही चित्रं उन्हात उताणी ठेवली होती, खाली विटा, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांना सुतळी बांधून ती कठड्याला आणि टाकीच्या पाइपला ताणली होती. गाठी इतक्या सफाईदार होत्या की मी आधी त्याच बघत राहिले. मग चित्र दिसलं. काळ्या रेघा तडकल्या होत्या. जाड थर कडेने उचलून आला होता, आणि खपल्या फरशीवर पडल्या होत्या.

पप्पा टाकीच्या सावलीत उभे होते. काय झालंय ते त्यांना कळलं होतं.

“ओली खळ घरात कोंडून ठेवत्यात व्हय अक्का?” ते म्हणाले. “आंबून जाती. आबा तर उन्हातच...”

ते थांबले. आबा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. मी जन्मण्याआधीच ते गेले होते, आणि पप्पांच्या तोंडून तो शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता.

“लोकर न्हवं ही,” आत्या म्हणाली. “कापडावरचा रंग हाय.”

“ताणाच हाय की ह्यो. मला काय दिसत न्हाई?”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. इतकी वर्षं पप्पा तिच्या चित्रांसमोरून हात मागे बांधून जायचे आणि ‘छान आहे’ एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना त्यातलं काही कळत नाही.

आत्या रागावली नाही. खाली बसून तिने एक खपली उचलली, बोटांत चुरून पाहिली आणि मोठं चित्र आता लावता येणार नाही, असं मला सांगितलं. लहान बहुतेक वाचेल. मग आम्ही तिघांनी सुतळ्या सोडल्या. मोठं चित्र खाली नेताना त्याच्यावरून आणखी रंग गळत होता. ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आत्याने नंतर ते खरवडून टाकलं.

त्या संध्याकाळी पप्पांनी मला वही आणायला सांगितली.

“लिही,” ते म्हणाले. “घोंगडी विणायचो आमी. आबांचा खोकला वाढल्यावर माग हिनं चालवला. आमच्यात बायका सूत कातायच्या, मागावर बसायच्या न्हाईत. लोकं हसली, पर ही बसली. बसायचं हुतं मी. मी पळून भरती झालो. तेबी लिही.”

“ते लिहू नको,” आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा तिचे हात ओले होते. “पळालास कुठं तू? आबांनीच धाडलं तुला. मला म्हणालं, ह्याला ह्यातनं भाईर पडू दे.”

“मला न्हाई म्हणालं ते.”

“तुला कशाला म्हणतील?”

मी पेन हातात धरून बसले होते. दोघांपैकी कुणाला काय आठवतंय आणि कोण कुणाला जपतंय, हे मला ठरवता येईना. मी ती ओळ लिहिली नाही. बाकीचं लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, हे माझ्यासाठी नवीन होतं. घोंगडी, माग, ताणा, खळ हे शब्द इंग्रजीतही तसेच ठेवले.

उद्‌घाटनाला व्याही वेळेवर आले. पांढरे स्वच्छ कपडे, मागे पाच-सहा पाहुणे. आल्या आल्या ते दारातल्या मजकुरासमोर थांबले आणि पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. मधेच त्यांचा आवाज बारीक झाला. उरलेलं त्यांनी मनात वाचलं.

“पाव्हणं,” ते पप्पांना म्हणाले, “तुमी तर दरबार म्हणाला हुता.”

ते हसत होते, पण मागचे पाहुणे हसत नव्हते. मी आत्याजवळ उभी होते. पप्पांनी काहीतरी जुळवून सांगावं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. भिंतीवर ते लिहिणारी मीच होते, तरीही वाटलं.

“खोटं सांगितलं मी,” पप्पा म्हणाले. “भिंतीवर हाय ते खरं हाय. ही माझी थोरली बहीण. मी वर्दीत असताना घर हिनं चालवलं.”

व्याह्यांनी आत्याला नमस्कार केला. रीतीप्रमाणे पूर्ण वाकून केला. मग त्यांनी सभागृहाला एक फेरी मारली, प्रत्येक चित्रासमोर सारखाच वेळ थांबत. चहा आला तेव्हा त्यांना उशीर होत होता. दारात त्यांनी घड्याळ बघितलं आणि पप्पांकडे वळून, निघायचं ना, असं विचारलं.

“तुमी व्हा पुढं,” पप्पा म्हणाले. “मी अक्काकडं हाय.”

व्याह्यांनी आग्रह केला नाही. एरवी ते हात धरून गाडीत बसवतात.

गाडी गेल्यावरही पप्पा थोडा वेळ दारातच उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. दादाला फोन करावा लागेल, असं ते मला म्हणाले, पण त्यांनी खिशातून फोन काढला नाही. आत्याने आतून एक खुर्ची ओढत आणली, तिच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. पप्पा आत आले, खुर्चीत बसले, आणि सभागृह किती वाजेपर्यंत उघडं असतं, असं त्यांनी तिला विचारलं. मला नाही, तिला.