उगवणीचं पान

मुलांनो, तुम्ही दोघंही आता वेबसाइट बनवण्याचं काम शिकताय, म्हणून हे आत्ताच सांगते.

“आजी, कोडला हात लावू नका. तुम्ही फक्त मजकूर पाठवा.”

रिसोडच्या सभेत, आमच्या शेतकरी बायांच्या गटासमोर, पुण्याहून आलेला इंजिनीअर मला असं म्हणाला. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

गटाचं वेबसाइटवरचं उगवणीचं पान मीच लिहिलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर, पुस्तकातून शिकून. पेरणीआधी आपल्याकडे घरचं सोयाबीन तपासतात. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळायचे, मग कोंब मोजायचे. कोणाच्या बियाण्याची उगवण किती, ते मी पानावर टाकायची. ते पाहून बाया एकमेकींकडून बियाणं न्यायच्या. एकच फाइल. नोटपॅडमध्ये उघडायची, आकडा बदलायचा, साइटवर चढवायची.

त्याने त्याची नवी साइट केली. पान दिसायला तसंच. पण एक आकडा बदलायचा तर आधी दुसऱ्यांच्या कोडची शेकडो पॅकेजं उतरवायची, मग सगळं बिल्ड करायचं, म्हणजे साइट पुन्हा नव्याने जुळवायची. करून दाखवलं आणि गेला.

जूनमध्ये अनसिंगहून शेवंताबाईचा फोन.

“बाई, माह्या बियाण्याले बुरशी लागली. पुन्हा तपासलं त शंभरात तीसच उगवले. पानावर अठ्ठ्याऐंशी कायले दाखवून राह्यलं? सुनेनं कोनाकोनाले देल्लं, मले का मालूम! पेरायच्या आधी पानच पाह्यतात न त्या!”

मी बिल्ड लावलं. पडद्यावर चुकांच्या लाल ओळी. एका पॅकेजचं व्हर्जन वाढवलं की दुसरं मोडायचं. इंजिनीअरला फोन केला.

“सोपं आहे, आजी. पण तुम्हाला नाही समजणार. पुढच्या आठवड्यात बघतो.”

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं मी. पडद्यावरचा प्रत्येक शब्द वाचता येत होता. अर्थ लागत नव्हता. तीन दिवस. टेबलावर डोकं टेकून रडले.

मग आठ-दहा दिवसांनी, इंजिनीअरचा पत्ता नसतानाच, शिरपूरच्या एका बाईचा फोन आला. शेवंताबाईचं बियाणं पेरून बसली होती. वावर काळंच, कोंब नाही.

“बाई, पानावर त अठ्ठ्याऐंशी होते न?”

“होते,” मी म्हटलं.

फोन ठेवला. पेनड्राइव्हमधून जुनी फाइल काढली, तीस लिहिले, त्याच्या साइटवर चढवली. त्याची साइट पुसली गेली. लगेच त्याचा फोन.

“आजी, तुम्ही सगळं प्रोजेक्ट बिघडवलं!”

“हो. मुद्दाम.”

साइटचा पासवर्ड बदलला. शिरपूरचं वावर मात्र दुबार पेरावं लागलं. ते माझ्या हसण्याचं फळ. आता कोणी कितीही शिकलेला येवो, जे आमच्या हाताने दुरुस्त होणार नाही, ते पानावर येऊ देणार नाही.

शेवंताबाईची सून आकडे स्वतः बदलते. पान चालू आहे.