रनेलच्या पोराला आलेलं बोलावणं

दर शुक्रवारी दुपारी नॅनेट केस करून घ्यायला यायची आणि रनेल टॉल्बर्टचा आठवडा तिथेच नासायचा. नॅनेट ही तिची थोरली जाऊ. घराच्या बाजूच्या ओसरीला काचा बसवून रनेलनं केस कापायचं छोटं दुकान थाटलं होतं. एक खुर्ची, एक आरसा, एक बेसिन. एवढ्यावर तिनं अख्ख्या कॅल्डर गावातल्या बायकांची डोकी सांभाळली होती. नॅनेट पैसे चोख द्यायची, वर टीपही ठेवायची, आणि तेच रनेलला जास्त झोंबायचं.

दोघी एकाच वर्षी टॉल्बर्टांच्या घरात सुना म्हणून आल्या. नॅनेटच्या कार्लटननं पुढे ट्रॅक्टरची एजन्सी काढली. रनेलचा हॉइट विजेच्या खांबांवर चढायचा. नवऱ्याबद्दल तिची तक्रार नव्हती. हॉइट गुणाचा माणूस होता. पण नॅनेटकडे नवा सोफा आला की रनेलला आपला सोफा मळका दिसायचा. चर्चच्या जेवणात नॅनेटचा पेकन पाय हा गोड पदार्थ आधी संपला की ही आतून जळायची आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याचं कौतुक करायची.

नॅनेटचा मुलगा प्रेस्टन युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथल्या एका जुन्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे पोरांच्या निवडक मंडळात, त्याला घेतलं, तेव्हापासून तर विचारूच नका. समोर उंच खांब असलेलं पांढरं घर, आत राहणारी पोरं एकमेकांना भाऊ म्हणणार, शनिवारी फुटबॉलला सगळे निळे कोट घालून निघणार. पोरांच्या आयांना सोन्याची एक बारीक पिन मिळायची. नॅनेट ती चर्चला लावायची, बाजारात लावायची, आणि शुक्रवारी रनेलच्या खुर्चीत बसतानाही लावायची. रनेल तिच्या गळ्याभोवती कापड बांधायची आणि ती पिन त्याखाली झाकून टाकायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

दोन वर्षांनी रनेलचा कोल्बी त्याच युनिव्हर्सिटीत गेला. ऑगस्टअखेरीस त्याचा फोन आला.

"आई, मला बोलावणं आलंय."

"कुणाचं?"

"प्रेस्टनच्या मंडळाच्या त्या पांढऱ्या घराचं."

रनेल आनंदानं मटकन स्टुलावर बसली.

"पण आई, खर्च बराच आहे गं. आत घ्यायचे पैसे वेगळे, दर सत्राचे वेगळे, कोटाचे वेगळे. आणि पहिलं सत्र नुसती उमेदवारी. मोठ्या पोरांची कामं करायची. एवढं करून परवडेल का, मला कळत नाही. तुला काय वाटतं?"

"बाबांशी बोलते," रनेल म्हणाली. पण तिच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी ना कोल्बी होता ना हॉइट. नॅनेटचा चेहरा होता.

हॉइटनं जेवतानाच विषय निकालात काढला. "अगं, कॉलेजच्या खानावळीत निम्म्या पैशांत पोटभर मिळतं. मित्र काय विकत घ्यायचे असतात? मी एक छदाम न देता मिळवले."

"तुझे मित्र खांबावर असतात, हॉइट. त्या पोरांचे बाप बँका चालवतात."

"मग त्यांना बँका चालवू दे. आणि तुझी दुसरी खुर्ची? पैसे तेवढेच आहेत आपल्याकडे."

रनेल तीन वर्षं दुसऱ्या खुर्चीसाठी पैसे बाजूला टाकत होती. बहिणीच्या मुलीला हाताखाली घ्यायचं, दुकान वाढवायचं, असं तिच्या मनात होतं. हॉइटचं चुकत नव्हतं, हे तिला दिसत होतं. सकाळी कोल्बीला नाही म्हणून कळवायचं, असं तिनं जवळजवळ ठरवलंही.

पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

नॅनेट खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि डोळे मिटून म्हणाली, "कार्लटननं कोल्बीसाठी तिथे शब्द टाकला होता, बरं का. नाहीतर त्या घरात शिरणं सोपं नाही."

रनेलचा हात पाण्याखालीच थांबला. "असं होय? आम्हाला माहीतच नव्हतं."

"घरच्याच पोरासाठी केलं, त्यात काय सांगायचं? आणि हे बघ, रनेल, पैशांची ओढाताण होत असेल तर मनावर घेऊ नकोस. आम्ही भरू. कार्लटन म्हणालाच."

यापेक्षा नॅनेटनं तिच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"भरले आम्ही," रनेल म्हणाली. "कालच."

"भरलेत?" नॅनेटनं डोळे उघडले.

"हो. हॉइटच म्हणाला, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

नॅनेट गेल्यावर रनेलनं दुकानाला कुलूप लावलं, बँकेत गेली आणि दुसऱ्या खुर्चीच्या पैशांचा चेक काढला. कोल्बीला फोन करून म्हणाली, "जा तू. आम्हाला काही जड नाही." हॉइटला कळलं तेव्हा तो रागावला नाही. नुसतं म्हणाला, "तू हे कुणासाठी केलंस, ते एकदा स्वतःला विचार." तिनं विचारलं नाही.

ऑक्टोबरात आयांचा शनिवार आला, म्हणजे पोरांच्या आयांना त्या घरी बोलवायचा दिवस. रनेलनं आकाशी रंगाचा नवा ड्रेस शिवला आणि नॅनेटच्याच गाडीतून गेली. हिरवळीवर पांढरी टेबलं मांडली होती, आया टोप्या घालून बसल्या होत्या. कोल्बी दिसला तो हातात लिंबू सरबताचा ट्रे घेऊन. डोळ्यांखाली काळं आलेलं, कॉलर सैल पडलेली.

प्रेस्टननं लांबून चुटकी वाजवली. "ए कोल्बी, इकडे! माझ्या आईचा ग्लास रिकामा आहे. जरा पाय उचल."

कोल्बी धावतच आला आणि वाकून म्हणाला, "घ्या काकू."

"पहिल्या सत्रात सगळेच करतात गं," नॅनेट हसून म्हणाली. "प्रेस्टननंही केलं."

रनेलच्या अंगाचा भडका उडाला. माझ्या पैशांनी माझाच पोर हिचा वाढपी झाला! तरी ती हसली. बाकीच्या आया हसत होत्या म्हणून.

तेवढ्यात घराची देखरेख करणाऱ्या बाई बाहेर आल्या. पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या. पोरं त्यांना मॉम बीसन म्हणायची. कोल्बीनं ट्रे खाली ठेवला, त्यांची खुर्ची सावलीत सरकवली, न विचारता त्यांच्यासाठी कॉफी आणली, साखर घालून ढवळूनही दिली. बाईंनी त्याच्या गालावर हात फिरवला. घरी हाच पोरगा स्वतःची ताटली उचलायचा नाही. आणि "मॉम" म्हणताना त्याचा आवाज असा मऊ झाला, की नॅनेटची पिन, प्रेस्टनची चुटकी, सगळं रनेलच्या मनातून पुसलं गेलं. आता ती त्या म्हाताऱ्या बाईंवर जळायला लागली.

ती मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "मी कोल्बीची आई. खरी."

"हो का! फार गुणी आहे हो तुमचा मुलगा," बाई म्हणाल्या. "रविवारी माझ्या खोलीत केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन बसतो. वरच्या मजल्यावर त्याला कोण शांत बसू देणार? तसं मंडळ सोडू की राहू, याचा घोळ त्याच्या मनात रोजच चालतो. तुम्हाला माहीतच असेल."

रनेलनं मान हलवली, जणू माहीत होतं.

"मी म्हटलं त्याला, आईला सांग. तर म्हणतो, बाबांकडून कळलं, आईनं तिच्या दुकानाचे पैसे यात घातलेत."

रनेल उठली. मागच्या पायऱ्यांवर कोल्बी ग्लास विसळत होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"खरं सांग मला. तुला इथं राहायचं नाही?"

"कोण म्हणालं?"

"कुणी का म्हणेना. माझ्याआधी त्या बाईला कसं कळलं? मला का नाही सांगितलंस?"

कोल्बीनं ग्लास पालथा घातला. "सांगितलं असतं तर तू ओरडली नसतीस, आई. गप्प बसली असतीस. नॅनेट काकू घरी येऊन गेली की बसतेस ना, तशी."

रनेलला वाटत होतं, तिचं ते गप्प बसणं कुणाला दिसत नाही.

"इथली पोरं वाईट नाहीत," तो म्हणाला. "दोघेतिघे तर जिवाला जीव देतील. पण मी वर्गात झोपतो. केमिस्ट्रीत नापास होईन. आणि डिसेंबरात कायमचं आत घ्यायचे पैसे पुन्हा वेगळे भरायचे. ते सगळ्यांत जास्त."

"मी निघ म्हणू का?"

"तू काहीच म्हणू नकोस. निदान या वेळेला."

परतीच्या वाटेवर नॅनेटनं गाडीत प्रेस्टनची सगळी कथा ऐकवली, आणि रनेल खिडकीबाहेर पाहत बसली. अंग जळत होतंच, पण आज त्या जळण्याची तिला पहिल्यांदाच लाज वाटली.

कोल्बीनं आठवडाभर विचार केला आणि मंडळ सोडलं. फोनवर सांगताना तो थोडा रडला. सोडताना वाईट वाटतं, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी नॅनेट आली, ती बातमी घेऊनच. "ऐकलं मी. सगळ्यांनाच झेपत नाही गं. वाईट वाटून घेऊ नकोस."

रनेलकडे उत्तरं तयार होती. पोराला अभ्यास आहे, त्याला नोकर व्हायचं नव्हतं, तुझ्या प्रेस्टननं चुटकी वाजवली. रात्रभर तिनं ती घोळवली होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"नाही झेपलं, नॅनेट. पैशांनाही नाही आणि पोरालाही नाही. आणि पैसे भरले म्हणाले तेव्हा मी भरलेले नव्हते. तू विचारलंस म्हणून मग भरले."

नॅनेटनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "माझ्यामुळे?" ती पुटपुटली. त्या दिवशी तिचे केस इतके सुरेख बसले की रनेलला आपल्याच हातांचा राग आला.

मत्सर काही गेला नाही. पुढे प्रेस्टनचे मंडळातले भाऊ कार्लटनच्या एजन्सीला मोठमोठी गिऱ्हाइकं मिळवून द्यायला लागले, तेव्हा रनेलला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आपण चूक केली की काय, असंही तिला वाटलं. दुसरी खुर्ची दोन वर्षं उशिरा आली. कोल्बी केमिस्ट्रीत कसाबसा पास झाला.

पण कोल्बीनं मंडळ सोडलं त्यानंतरच्या जानेवारीतला एक दिवस सांगायला हवा. लाँड्रीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कोल्बीनं वर्गातल्या दोघांबरोबर खोली घेतली होती, आणि रनेल नि हॉइट गादी घेऊन गेले. पोरांनी त्यांना उकडलेल्या शेंगा खायला घातल्या. हॉइट त्यांच्याशी तारा आणि फ्यूज याबद्दल बोलत बसला, आणि तिन्ही पोरं ऐकत राहिली. रनेलचा जीव किती महिन्यांनी निवांत झाला होता.

"आई, पडदे बघितलेस?" कोल्बी म्हणाला. "आमच्या खोलीतल्या या रस्टीच्या आईनं शिवलेत. हातानं. काय सुंदर झालेत ना?"

पडदे खरंच सुंदर होते. पिवळ्या कापडाला निळी किनार.

"छान आहेत," रनेल म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं.

परत येताना गाव लागायच्या आधी तिनं हॉइटच्या दंडाला हात लावला. "त्या कापडाच्या दुकानापाशी थांब जरा."

"आता कशाला?"

"पोरांच्या पलंगांवर चादरी बघितल्यास का? अगदीच साध्या आहेत."

हॉइटनं तिच्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला. तीही हसली, पण दुकान बंद व्हायच्या आधी आत शिरली.