मल्लूची बट आणि कात्रीसर

शाळेतल्या कडक सरांवर कुणी लिहायला बसलं की शेवट तुम्हाला आधीच ठाऊक असतो. वरून काटे, आतून गरे. मारायचे, पण उपाशी पोराला गुपचूप आपला डबा द्यायचे. आज आम्ही जे काही आहोत ते त्यांच्यामुळेच. तुम्ही रुमाल काढून बसला असाल तर परत खिशात घाला. आमचे कात्रीसर आतूनबी काटेच होते. मी सोलून बघितलंय.

कर्नाटकच्या हद्दीत, आळंदला आमच्या शाळेत ते पीटी शिकवायचे, म्हणजे काहीच शिकवायचे नाहीत. प्रार्थना संपली की वरच्या खिशातून कंगवा निघायचा आणि मागच्या खिशातून शिवणाच्या तासाची कात्री. मागून यायचे. पावलांचा आवाज नाही, नुसता तंबाखूचा वास. मानेवर कंगवा उलटा फिरवायचा, आणि केस चिमटीत सापडले की "आलं, आलं, आलं!" कर्रकन एक पट्टा मारून पुढच्या पोराकडं. त्या "आलं"ची नक्कल मी तिसरीपासून करतो. नाकातून सुरू करायचं आणि घशात नेऊन दाबायचं.

शनिवारी पांढरे कॅनव्हासचे बूट, हाही त्यांचाच नियम. आमच्याकडची काळी माती पावसात बुटाला धरली की माणूस वीतभर उंच होतो. शेतातून चालत येणारी पोरं बूट पिशवीत आणायची आणि शाळेच्या नळावर पाय धुवून घालायची. सरांनी नळावर पाय धुवायला बंदी केली. पोरं मळक्या बुटावर खडू घासायला लागली, तर सरांनी खडूला कुलूप घातलं. टायफॉइडमध्ये केस गेलेल्या सुनंदाला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रिबन कुठाय?"

"सर, केसच न्हाईत."

"केस मी विचारलो का? रिबन विचारलो."

केस येईपर्यंत ती पोरगी कानावरून रिबन बांधून आली. आम्ही हसलो, कारण हसलं नाही तर पुढचा नंबर आपला.

माझ्या बाकावर मल्लू बसायचा. त्याच्या डोक्यावर मागं एक लांब बट होती. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं पीराला नवस बोलला होता: हा जगला तर ह्याची बट राखीन आणि सातवीला गेला की उरुसात तुझ्या दारी उतरवीन. घर बसवण्णांना मानणारं, पण आमच्या भागात लेकरासाठी पीराला हात जोडायला कुणी लाजत नाही. गल्लीत दर चार घरांआड अशी बट सापडायची. कात्रीसरांच्या सख्ख्या भाच्यालाबी होती. तेव्हा सरांना माहीत नव्हतं, असं कुणी मला सांगू नये.

आम्ही सातवीत गेलो. उरूस आठवड्यावर आला होता. त्या दिवशी तंबाखूचा वास मल्लूच्या मागं येऊन थांबला.

"सर, ती पीराची हाय," मल्लू म्हणाला. "पुढच्या जुम्मेरातीला, उरुसात काढायलेत."

"पीराला सांग, शाळेत माझं चालतं. आलं, आलं, आलं!"

 मल्लूनं मागं हात नेऊन बघितलं. बट पायाशी पडली, रांगा वर्गाकडं वळल्या, आणि आमच्या दोन-अडीचशे बुटांखालून ती कुठं गेली कळलं नाही.

दुपारी त्याची आई आली. पीराला ती बटच द्यायची असते, नव्या रुमालात बांधून, मलिद्याबरोबर. ती मैदानात उकिडवी बसली आणि लिंबाखालच्या गळलेल्या पाल्यातून एकेक केस वेचायला लागली. सर व्हरांड्यातून म्हणाले, "ओ बाई, चप्पल बाहेर काढायची. डोक्यावर पदर घ्या. शाळा हाय ही."

तिनं चप्पल काढली, पदर घेतला आणि पुन्हा वेचायला बसली. चिमूटभर केस मिळाले. उरुसात दर्ग्याचा मुजावर म्हणाला, "जितना है उतना देव अम्मा, चलता." पण तिचं मन काही मानलं नाही, नवस अपुराच राहिला. मल्लू आता पिकअप चालवतो, रोज उमरग्याला तूर नेतो. गाडी परत दारात लागेपर्यंत ती जेवत नाही.

यंदा सर रिटायर झाले. सत्कारात मला मिमिक्री करायला बोलावलं. मी ठरवूनच गेलो होतो, आज ह्या माणसाला भर मांडवात सोलायचा. कंगवा काढला, नाकातून "आलं" काढलं, रिबन केली, पीर केला, पदर केला. मांडव आडवा पडला. बायका पोट धरून हसत होत्या. आणि सर! सर सगळ्यात जास्त हसले. डोळे पुसत स्टेजवर आले, मला मिठी मारली, "माझं लेकरू!" म्हणाले आणि आपल्याच सत्काराची शाल माझ्या खांद्यावर टाकली. टाळ्या थांबेनात. मी खाली येऊन बसलो तर शेजारचा म्हणाला, "काय प्रेमळ माणूस हाय बघ."

तिथून मी मल्लूच्या घरी गेलो. त्याची आई मांडवात मागच्या रांगेत होती, माझ्या आधी घरी पोचली होती. भाकरी थापायली होती. मी म्हटलं, "मावशी, कसं झालं?"

"बश्या, आधी ती शाल बाहेर ठेवून ये."

मी ठेवून आलो.

"कुणाला सोलायलास रं तू? मी बघितलं न्हाई व्हय? पंधरा वर्सं मी त्या माणसाचं नाव काढलं की चार बायका तरी म्हणायच्या, व्हय गं, लई वाईट केलं त्यानं. आता काय म्हणतील? आता त्यांला तू आठवशील. तुझं ते नाकातलं आठवंल अन् हसू येईल. वाईट माणूस होता त्यो, तू त्याला गमतीचा केलास. कामून केलास?"

"मावशी, मी तर त्याची अब्रू उतरवायला..."

"उतरवलास. व्हय. माझी उतरवलास." तिनं तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडं बघितलं नाही. "मी त्या पाल्यात बसले होते, त्याला लोकं हसायलेत आज. ऊठ. मल्लू यायच्या आत जा. त्यानं सत्काराचं इचारलं तर मी त्याला काय सांगू, ह्यात कुठं हसायचं ते?"