उसन्या चालींची रेकॉर्ड

आमच्या घरात धाकट्या भावाला खुळखुळा म्हणतात. लहानपणी गप्प बसायचा नाही म्हणून, आणि मोठेपणीही बसला नाही म्हणून. कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात तो नोकरी करतो. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानात यंत्र बसवायचं आणि हळूच विचारायचं, "ऐकू येतंय का?" सुट्टीच्या दिवशी मात्र पेटी घेऊन लोकांना हसवत फिरायचं. गाजलेल्या गाण्यांच्या चाली उचलायच्या आणि त्यांत आपले वेडेवाकडे शब्द कोंबायचे. विरहाच्या एका गाण्याचं त्यानं चोंदलेल्या नाकाचं गाणं केलं होतं. अंगाईच्या चालीवर ऑफिसातली मीटिंग बसवली होती. माणसं पोट धरून हसायची.

बाबा हसायचे नाहीत.

बाबा पोस्टमन होते. उभा जन्म लोकांचे जिने चढण्यात गेला. संध्याकाळी आमच्या जिन्यावर त्यांची पावलं वाजली की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले वाटतं," आणि हात पुसत कडी काढायला जायची. आपल्याच घराची बेल त्यांनी कधी वाजवली असेल असं मला वाटत नाही. खुळखुळ्याला ते एकच सांगायचे, "चाली सगळ्या लोकांच्या. दुसऱ्याच्या ओंजळीनं किती दिवस पाणी पिणार? तुझी स्वतःची चाल कुठाय?"

"माझी चालच वाकडी आहे, बाबा," म्हणून तो वेळ मारून न्यायचा. पण ते त्याला लागायचं. भरलेला हॉल हसवून घरी यायचा आणि जेवताना बापाच्या तोंडाकडे बघत बसायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

मग त्यानं रेकॉर्ड काढायची ठरवली. कुणी कंपनी विचारत नव्हती, म्हणून स्वतःच. आणि तीही काळी तबकडी, कारण घरातल्या यंत्रांपैकी बाबांना वापरता येतो तो फक्त जुना रेकॉर्डप्लेअर. दुकानात कान तपासायची काचेची खोली आहे, बाहेरचा आवाज आत येत नाही. मालकाच्या परवानगीनं तो दर सुट्टीला तिथं कोंडून घ्यायचा. नाकाचं गाणं झालं, मीटिंगचं झालं. शेवटचं गाणं मात्र शब्द आणि चाल दोन्ही स्वतःची असलेलं हवं होतं, आणि ते काही केल्या जमत नव्हतं.

त्याच सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचले, पण डावा पाय ओढायला लागले. काठीचा ठक, मग पाऊल, मग फरफट. तरी हट्टानं रोज खाली जाऊन यायचे. आणि एके दिवशी खुळखुळ्यानं मला सांगितलं, की चपलांच्या कपाटामागे माइक ठेवून त्यानं बाबांचं जिना चढणं टिपलंय. गाण्याचा ठेका म्हणून.

"लाज वाटते का?" मी म्हणाले. "बापाच्या लंगडण्यावर लोकांना हसवणार?"

"हसायचं नाहीये त्यात, ताई."

"तुझ्या गाण्यावर माणसं दुसरं काय करतात?"

एवढा बोलका माणूस, पण पेटीच्या भात्याची उगाच उघडझाप करत बसला.

त्यानंतर दुसरा झटका आला आणि बाबा अंथरुणाला खिळले. काठी दाराच्या कोपऱ्यात उभी राहिली. आई तिच्यावरची धूळ पुसायची, पण तिथून हलवू द्यायची नाही. जीभ थोडी जड झाली होती, तरी बाबांचं बोलणं कळायचं; फक्त ते बोलत नसत.

रेकॉर्ड तयार होऊन आली तेव्हा खुळखुळ्यानं ती आधी बाबांच्या खोलीत नेली. मी बजावलं होतं, शेवटचं गाणं लावू नकोस. हा माणूस आता उठू शकत नाही, त्याला त्याचं लंगडणं काय ऐकवतोस? पण तो म्हणाला, "त्यांना आवडलं नाही तर एकही रेकॉर्ड बाहेर जाणार नाही." ऐकणाऱ्यातला तो नाहीच.

नाकाचं गाणं वाजलं. बाबा छताकडे बघत होते. मीटिंगचं वाजलं. तेच. मग तबकडीवर थोडी खरखर झाली आणि पेटी सुरू व्हायच्या आधी नुसती पावलं आली. ठक, पाऊल, फरफट. ठक, पाऊल, फरफट. एक एक पायरी वर. खुळखुळ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाबांनी मान वळवली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आले वाटतं."

भांडं ठेवल्याचा आवाज झाला. आई पॅसेजमधून लगबगीनं गेली. कडी वाजली, दार उघडलं. पुढं काहीच ऐकू आलं नाही. जिन्यात कोण असणार?

बाबांच्या तोंडाची उजवी बाजू आधी हलली. मग खांदा. मग ते हसायला लागले, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"अगं," त्यांनी हाक मारली, "घरातच आहे मी."

आई दारात येऊन उभी राहिली. तिनं बिछान्याकडे पाहिलं, फिरणाऱ्या तबकडीकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण तोंड सोडायला ती विसरली नाही.

"मग पाय वाजवत कशाला फिरता?"

बाबांनी चांगला हात उचलून खुळखुळ्याकडे दाखवला. "त्याला विचार," ते म्हणाले. "चाल त्याची आहे."