हवालदारांच्या कॅसेटवरचा नंबर

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी सांगलीला, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होतो. तिकडच्या दुकानांना पेटीवर बारकोड लागायचा. त्या रेघांखालचे तेरा आकडे तपासणं हे माझं काम. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा अशा आकड्यांना तिनानं गुणायचं, बाकीचे तसेच ठेवायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला दहानं भाग गेला तर नंबर बरोबर. मला त्याचा नादच लागला. साबण, बिस्किटं, हाताला लागेल त्याची मी मनात बेरीज करायचो. चूक मात्र कधी सापडली नव्हती.

ती सापडली साताऱ्यात. बायकोचं माहेर तिथलं. गेलो की स्टँडजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात मी डोकावत असे. त्या दिवशी काउंटरवर साठीचे, ताठ पाठीचे एक गृहस्थ पुठ्ठ्याचा खोका घेऊन उभे होते. उंब्रजकडचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. गावच्या भजनी मंडळाची कॅसेट त्यांनी स्टुडिओत भरून आणली होती. आधी एकदा आले तेव्हा दुकानदारानं त्यांना परत पाठवलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटवर रेघा असतात, त्या नसल्या तर गिऱ्हाईक माल नकली समजतं, असं सांगून. म्हणून त्यांनी आतली कार्डं पुन्हा छापून घेतली होती.

"घ्या मालक, रेघा आणल्या. आता तरी मांडा वर."

"अरे वा, हवालदार! एकदम मुंबईचा माल."

"मंग! मंडळातली समदी रोज इचारत्यात, साताऱ्यात कवा लागनार आपली कॅसेट."

दुकानदारानं फळीवर जागा केली आणि दहा कॅसेटी उभ्या लावल्या. अकरावी मी उचलली. मला कुणी विचारलं नव्हतं.

"हा नंबर चुकीचा आहे," मी म्हणालो.

दुकानदाराचं पेन घेऊन त्याच्याच बिलबुकाच्या पाठीवर मी बेरीज मांडली. आपल्याकडचे नंबर आठशे नव्वदनं सुरू होतात, इथं आधी सहा शून्यं होती. बेरीज आली त्र्याहत्तर. रेघाही आकड्यांशी जुळत नव्हत्या. छापखान्यानं त्या कुठल्या तरी पाकिटावरून उचलल्या असणार, हेही मी सांगून टाकलं.

"म्हणजे कॅसेट लावली की साबणाची जाहिरात लागणार!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

हवालदार हसले नाहीत. "चुकला कसा म्हनता, सायेब? ह्यो माझा फौजेतला नंबर हाय. छापखानेवाला म्हनला, तुमचा नंबर सांगा. सांगितला. हिकडची जागा त्यानं शून्यं घालून भरली. तेवीस वर्सं पगार घेतला ह्या नंबरावर. झोपंत बी चुकत न्हाई."

इथं तरी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "तिकडं बरोबर असेल. इथं खोटाच."

दुकानदारानं दहाच्या दहा कॅसेटी खाली काढल्या. "राग मानू नका हवालदार, उद्या कुणी काही विचारलं तर?"

 हवालदारांनी एकेक कॅसेट नीट खोक्यात ठेवली आणि ते गेले.

त्या दुकानात बारकोड वाचायचं यंत्र नव्हतं. बिलं हातानं लिहीत. फळीवरच्या निम्म्या कॅसेटींवर रेघाच नव्हत्या, कडेला फक्त कंपनीचा साधा अनुक्रमांक होता. हे सगळं मला बेरीज मांडतानाच ठाऊक होतं. पण माणसं माझ्या बेरजेकडं बघत होती, आणि मला ते आवडत होतं.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं. परतताना एसटीत ती म्हणाली, "बरोबर होतं ना तुमचं? मग असे गप्प का?"

पंधरा दिवसांनी मी दुकानदाराला गाठलं, समजावलं. तो तयार झाला. रेघांऐवजी नुसता एक, दोन असा अनुक्रमांक घातला तरी चालेल म्हणाला. तसाच उंब्रजला उतरलो आणि विचारत विचारत हवालदारांचं घर शोधलं. त्यांनी मला लगेच ओळखलं, खाटेवर बसवलं, चहा सांगितला. कोनाड्यात कॅसेटी रचून ठेवल्या होत्या. प्रत्येक कार्डावर रेघा शाबूत होत्या. खालचा नंबर तेवढा ब्लेडनं खरवडलेला होता.

मी सगळं सांगितलं. नंबराची गरजच नव्हती, दुकानदार माल ठेवायला तयार आहे.

"न्हाई सायेब. धा मान्सांत खोटा ठरल्याला माल घिऊन त्या दुकानात कुठल्या तोंडानं जाऊ? गावच्या जत्रंत वाटीन." मग हळू आवाजात म्हणाले, "फौजेचा नंबर असल्या कामाला लावला, माझंच चुकलं."

"तुमचं नाही, माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "बेरीज चुकली व्हती का तुमची?"

"नाही."

"मंग?"

 मी चहा संपवला, कपबशी खाटेखाली सरकवली आणि हायवेवर येऊन बसची वाट बघत उभा राहिलो.