कुंडलचा पंप आणि कर्नेलमधला नकार

“माझी पाळी चाललीया आन् पायपातनं नुसती हवा येतीया. हवेवर ऊस वाढवू व्हय?”

सुभेदार तात्या असे ओरडले, की पार मेढ्याच्या डोंगरातली वानरं दचकली असतील. आम्ही होतो कुंडलला, उपसा सिंचन योजनेच्या ऑफिसात. दुपारचे दोन. तात्यांची पाण्याची पाळी संध्याकाळी सातला संपणार. पाळी घड्याळावर चालते. पंप बंद असला तरी गेलेली वेळ भरून मिळत नाही. पुढची पाळी अठरा दिवसांनी, आणि तात्यांची उसाची नवी लागण बोटभर वर आलेली. त्या उन्हात ती आठ दिवसही टिकली नसती.

नदीवरचा पंप ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून चालू होतो. मध्ये तांब्याची जुनी लीज्ड लाइन, म्हणजे भाड्यानं घेतलेली टेलिफोनची तार. तिच्यावर एचडीएलसी नावाचा म्हातारा प्रोटोकॉल चालतो. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत. आदल्या दिवशी मीच सांगलीहून येऊन त्या कॉम्प्युटरचा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नवा बांधला होता.

कर्नेल बांधताना हे हवं का, ते हवं का, असे लाखभर प्रश्न येतात. खाली मदतीची ओळ असते: शंका असेल तर ‘नाही’ म्हणा. मी सतरा वर्षं फौजेत सिग्नल्सला काढलेली. लेखी आलं म्हणजे हुकूम. ‘वॅन सपोर्ट’, म्हणजे लांब पल्ल्याच्या जुन्या लाइनी, हा प्रश्न आला. आता हे कोण वापरतं, अशी शंका आली. ‘नाही’ म्हटलं.

योजनेच्या सेक्रेटरींचा फोन आला. “जुना कर्नेल परत टाका.”

“पुसला, साहेब.”

“का?”

“पसारा नको म्हणून.”

“मग पंप हातानं चालू करा.”

“हाताचा स्टार्टर पुरात गेलाय.”

फोन ठेवल्याचा आवाज आला.

वॅनला ‘हो’ म्हटलं आणि कर्नेल पुन्हा बांधायला लावला. तो कॉम्प्युटर इतका जुना, की मी भरती झालो तेव्हा तो रिटायर व्हायला आला असावा. दोन तास घेतले त्यानं. रीस्टार्ट केला. लाइनचा दिवा मेलेला.

“आता वं?” तात्या खुर्ची ओढून माझ्या मानगुटीशी बसले.

तेव्हा ट्यूब पेटली. वॅनला ‘हो’ म्हटलं की आतले प्रश्न फक्त दिसायला लागतात. एचडीएलसी वेगळं, लाइन ज्या कार्डात खुपसलेली ते चालवणारा ड्रायव्हर वेगळा. प्रत्येकाला पुन्हा ‘हो’ म्हणावं लागतं. तात्यांना सांगितलं.

“म्हंजी मोठा पाट सोडला आन् सऱ्यांची दारं बंदच ठिवली,” तात्या म्हणाले. “फौजंत ह्येच शिकवलं का तुमाला?”

दोन्ही ‘हो’ केले. या खेपेला तेवढाच तुकडा बांधायचा होता. बोटं अशी पळाली, की कीबोर्डातून धूर निघायचा बाकी राहिला. सव्वापाचला दिवा हिरवा झाला. पंपानं असा हुंकार दिला, की कृष्णा घटकाभर उलटी वाहिली, असं मी सांगतो आणि लोक ऐकून घेतात. तात्या तोवर चपला हातात घेऊन रानाकडे पळाले होते.

मी एक शिकलो. शंका आली की कर्नेलला विचारू नये, ज्याचं रान आहे त्याला विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐटीत फोन लावला. “तात्या, अख्ख्या जिल्ह्यात हे जमणारा मी एकटाच.”

“निम्मं रान भिजलंय,” तात्या म्हणाले. “निम्म्याला घागर घिऊन या.”