ओलेटाबाईंनी परत आणलेला केक

ओलेटाबाई स्टॅम्पर यांची आणि माझी ओळख चर्चच्या तळघरात झाली. जिल्हा वाचनालयाचे छप्पर गळू लागल्यामुळे आमचा प्रौढांचा साक्षरता वर्ग तेव्हा तेथे भरत असे. एके संध्याकाळी आम्ही चार प्रौढ माणसे एक परिच्छेद मोठ्याने वाचत होतो. तोच दार उघडले आणि एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई न विचारता आत आली.

"तुमच्यात पाठ न दुखणारा कोण आहे?" त्यांनी विचारले.

आमच्या शिक्षिकाबाईंनी सौम्यपणे सांगितले, की वर्ग चालू आहे.

"चालू राहू दे की. अक्षरं काय पळून जात नाहीत. माझे खोके मात्र बाहेर पावसात भिजतायत. ए, तू. नाव काय तुझं?"

"डेन्झिल मेगार्ड," मी उभा राहून सांगितले.

"उंच आहेस. चल."

मी गेलो. त्या दिवसापासून ओलेटाबाईंचे खोके उचलणे हे माझे काम झाले. त्यांनी मला कधी विचारले नाही आणि मीही कधी नाही म्हटले नाही.

ते खोके सैनिकांसाठी होते. आमच्या खोऱ्यातील पुष्कळ मुले अमेरिकेतील केंटकी राज्याच्या राखीव पलटणीत होती आणि ती पलटण त्या वर्षी इराकमध्ये मालमोटारी चालवत होती. ओलेटाबाईंचा नातू लॉनी त्यांच्यातच होता. त्याचे आईबाप लवकर गेल्यामुळे ओलेटाबाईंनीच त्याला वाढवले होते. तथापि खोक्यांसाठी भरलेल्या पहिल्याच सभेत त्यांनी स्वतः एक नियम घातला, की कोणी आपल्या घरच्या मुलासाठी वेगळा खोका पाठवायचा नाही. सर्व खोके सारखे असावेत आणि ते पलटणीच्या नावाने जावेत. ज्या मुलाला घरून काहीच येत नाही, त्याने दुसऱ्याच्या हातातील खाऊकडे पाहत बसावे, हे त्यांना मान्य नव्हते.

खोक्यांचा खर्च शनिवारच्या जेवणावळीतून निघे. तळघरात डुकराच्या तुकड्यासह शिजवलेले घेवड्याचे कालवण, मक्याची भाकरी आणि तळलेले बटाटे असा बेत असे. जेवणाला ठरलेली किंमत नव्हती. दारात एक काचेची बरणी ठेवलेली असे आणि बरणीशेजारी ओलेटाबाई उभ्या असत. नोट टाकणारा मनुष्य बरणीकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाही आणि बहुतेक वेळा पुन्हा खिशात हात घाली.

लोकांनी आणून दिलेली प्रत्येक वस्तू त्या स्वतः तपासत. मोज्यांचा वास घेत. ज्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर उघड्या खांद्यांच्या स्त्रिया असत, ती बाजूला काढत. एकदा एका गृहस्थांनी मासे पकडण्याचे गळ आणले.

"अरे, तिथं वाळवंट आहे," ओलेटाबाई म्हणाल्या.

"नदी आहे म्हणे कुठंतरी."

"नदीकाठी बसायला पाठवलंय होय त्यांना? घेऊन जा घरी."

पाद्रीसाहेबांनी धर्मपत्रिकांचा मोठा गठ्ठा आणला, तेव्हा त्यांनी त्यातील निम्म्या परत केल्या आणि त्या जागी पायांना लावायच्या पावडरीचे डबे भरले.

"ओलेटा भगिनी, आत्म्याचीही काळजी घ्यायला हवी," पाद्रीसाहेब म्हणाले.

"घेऊ की. पण पाय सडले तर पोरं देवाकडं चालत जाणार कशी?"

पाद्रीसाहेबांनी पुढच्या खेपेस पावडरच आणली.

या कामात त्यांच्याशी वाद घालण्याचे धैर्य फक्त एकीला होते. त्या आयसी फ्युगेट. दोघींची घरे ओढ्याच्या समोरासमोरच्या काठांवर होती आणि दोघींचे वैर चाळीस वर्षांचे असावे असे लोक मानत. वैराचे कारण स्वयंपाकातील होते. आमच्या खोऱ्यात डुकराच्या चरबीशिवाय कणीक मळत नसत. आयसीबाई मात्र लग्न झाल्यापासून दुकानातील डब्याचे वनस्पती तूप वापरत आल्या होत्या. ओलेटाबाई त्यांच्या केकला 'मेणबत्ती' म्हणत, आणि मर्तिकाच्या जेवणातसुद्धा, आयसीबाईंना ऐकू जाईल अशा बेताने, "मेणबत्तीचा तुकडा नको बाई मला," असे सांगत.

त्या शरद ऋतूत आयसीबाईंनी घरी खारवून धुरी दिलेली डुकराची एक अख्खी मांडी सैनिकांसाठी आणून दिली. ती सर्वांना दिसेल अशी टेबलावर ठेवली होती. ओलेटाबाईंनी ती उचलून त्यांच्या हातात परत दिली.

"डुकराचं काही चालत नाही, आयसी. त्या देशाच्या धर्मात बसत नाही. टपालखात्याचा नियमच आहे."

"आपलीच पोरं खाणार ना?"

"नियम म्हणजे नियम. मी पोरांच्या नावावर लबाडी करायची नाही."

आयसीबाई मांडी काखेत घेऊन निमूटपणे घरी गेल्या. त्या निमूट गेल्या याचेच आम्हाला आश्चर्य वाटले.

पुढे नाताळ जवळ आला. लॉनीने फोनवर सहज म्हटले होते, की नाताळच्या दिवशी घरच्या थरांच्या केकची आठवण येईल. हा केक आमच्याकडे लग्नात करतात. प्रत्येक घर पातळ भाकरीसारखा एकेक थर भाजून आणते. थरांमध्ये वाळवलेल्या सफरचंदांचा, सुंठ-दालचिनी घालून शिजवलेला मुरंबा भरतात. कणकेत साखरेऐवजी गोड ज्वारीची काकवी असते. हा केक ताजा खात नाहीत. जितका मुरेल तितका तो चांगला लागतो, म्हणून लांबच्या प्रवासाला याहून योग्य पदार्थ नाही.

ओलेटाबाईंना तो लॉनीला पाठवायचा होता. त्यांनी हे कबूल केले नसते, परंतु त्यांच्या मनात त्या दिवसांत दुसरे काहीही नव्हते. नियम त्यांचाच असल्यामुळे त्यांनी असा मार्ग काढला, की सर्व घरांनी एकेक थर द्यावा आणि केक पलटणीच्या नावाने जावा. सर्वांना ही कल्पना आवडली. सर्वांत खालचा थर ओलेटाबाईंचा होता, कारण त्यांच्या मते तळाच्या थराला सगळ्यांचा भार सोसावा लागतो. आयसीबाईंचा थर सर्वांत वर ठेवण्यात आला.

"वरचा थर म्हणजे मान असतो," त्या आयसीबाईंना म्हणाल्या. मला त्या खोका बांधताना म्हणाल्या, "वरचा असला म्हणजे बाकीच्यांना न दुखवता काढून टाकता येतो."

आयसीबाईंना हे न सांगता समजले असावे. दुसऱ्या दिवशी मी ओलेटाबाईंना आणि केकला माझ्या गाडीतून टपाल कार्यालयात नेण्यास निघालो, तर आयसीबाई कोट घालून गाडीच्या मधल्या जागेवर आधीच बसलेल्या होत्या.

"तू कुठं निघालीस?" ओलेटाबाईंनी विचारले.

"माझ्या थराबरोबर," आयसीबाई म्हणाल्या.

वाटभर केक ओलेटाबाईंच्या मांडीवर होता.

टपाल कार्यालयाच्या खिडकीत गेनेल नावाची मुलगी बसत असे. नाताळपूर्वी पोचणाऱ्या टपालासाठी दुसरा दिवस शेवटचा होता. त्यामुळे मागे बरीच रांग होती.

"ओलेटा मावशी, नेहमीचे प्रश्न हां," गेनेल म्हणाली. "आत दारू?"

"माझ्या खोक्यात?"

"विचारावं लागतं. बॅटऱ्या, अत्तर, आगपेट्या?"

"नाही, नाही, नाही. केक आहे, बाळा."

"डुकराचं काही?"

"केक आहे म्हटलं ना. आण इकडं, सही करते."

त्यांनी पेन हातात घेतले. तेव्हा आयसीबाई मागून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ओलेटा, चरबी कशाची असते गं?"

मी हे प्रामाणिकपणे लिहितो, की तोपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही मनात हा विचार आला नव्हता. आमच्या लेखी डुक्कर म्हणजे मांडी, फासळी आणि सॉसेज. चरबी ही चरबी असते. ती मिठासारखी फळीवर असते आणि ती कोठून आली हे कोणी विचारत नाही. वर्षानुवर्षे डुकरे कापणारी माणसे त्या रांगेत उभी होती आणि सर्वजण आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

गेनेलने खाली पाहून कागद नीट केले. "मला आज जरा कमी ऐकू येतंय," ती म्हणाली. "सर्दी झालीय. तुम्ही करा सही, मावशी."

रांगेतून कोणीतरी म्हणाले, "कर गं ओलेटा. कोण उघडून बघतंय!"

त्या क्षणी सही केली असती तर केक गेला असता, आणि लॉनीला नाताळला घरचा केक मिळाला असता. ओलेटाबाईंनी पेन कागदावर टेकवले. नंतर त्यांनी ते उचलले, टोपण लावले आणि गेनेलला परत दिले.

"डेन्झिल, खोका घे," त्या म्हणाल्या.

गाडीत त्या समोर पाहत होत्या. आयसीबाई मध्ये बसल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे न पाहणे सोपे नव्हते.

"लोण्यात करू सगळे थर पुन्हा," ओलेटाबाई शेवटी म्हणाल्या. "उद्या बंद व्हायच्या आत होईल."

"लोणी त्या उन्हात खवट होतंय," आयसीबाई म्हणाल्या. "पोरांना खवट खायला घालणार असशील तर घाल."

गाडी ओढ्यावरच्या पुलापर्यंत आली.

"तुझ्याकडं ते डब्याचं असेल ना?" ओलेटाबाईंनी खिडकीबाहेर पाहत विचारले.

"कोणतं डब्याचं?"

"तूप."

"तूप होय? मला वाटलं मेणबत्त्या हव्यात."

ओलेटाबाईंनी हे ऐकून घेतले. मी त्यांना इतके ऐकून घेताना त्यापूर्वी पाहिले नव्हते.

दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात सर्व घरांतील बायका जमल्या. मुरंब्याच्या बरण्या शिल्लक होत्या, काकवीही होती. आयसीबाईंनी आपल्या घरातून डबे आणले आणि मधल्या टेबलाचा ताबा घेतला. प्रत्येकीच्या पिठात तूप त्यांनीच घातले. तूप मोजताना त्या पाठ करून उभ्या राहत, जेणेकरून माप कोणाला दिसू नये. ओलेटाबाई लाटणे घेऊन आपली पाळी येईपर्यंत थांबल्या.

"पातळ लाट जरा," आयसीबाईंनी त्यांना सांगितले.

"मी लाटायला लागले तेव्हा तू परकर सांभाळत फिरत होतीस."

"तेव्हाचं जाड लाटणं अजून सुटलेलं नाही, तेच म्हणतेय मी."

स्वयंपाकघरातील सर्वजणी ओट्याकडे तोंड करून हसल्या. ओलेटाबाईंनी थर पातळ लाटला. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत गेनेलने तेच प्रश्न विचारले. ओलेटाबाईंनी मोठ्याने, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे, "डुकराचं काही नाही," असे उत्तर दिले आणि सही केली. या खेपेस आयसीबाईंचा थर मध्यभागी होता. ओलेटाबाईंनी तो स्वतःच्या हाताने तेथे ठेवला, हे मी पाहिले.

आधीचा, चरबीचा केक शनिवारच्या जेवणावळीत कापला. त्याचे तुकडे संपण्यास वेळ लागला नाही. आयसीबाईंनी दोन खाल्ले.

जानेवारीतील एका रविवारी मी ओलेटाबाईंच्या घरी पाण्याचा नळ दुरुस्त करत होतो. त्या वेळी लॉनीचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येत असल्याने त्या फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवत. त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आजी, केक आला बरं का! नाताळच्या आदल्या दिवशीच!"

"चांगला पोचला का?"

"चांगला? अगं, सगळी पलटण भांडली त्यावर. आमचा सार्जंट तर डब्यातला चुरासुद्धा बोटानं चाटत होता. आजी, खरं सांगू? तू आजवर केलेल्यांत हा सगळ्यांत भारी. एवढा मऊ कधीच झाला नव्हता."

ओलेटाबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"आजी? ऐकू येतंय ना?"

"येतंय. सगळ्यांनी मिळून केलाय तो."

"हो गं, पण कृती तुझीच ना? मी आलो की पहिल्यांदा तोच कर. अगदी तसाच. करशील ना?"

"करीन," ओलेटाबाई म्हणाल्या. "तू आधी घरी ये."

फोन ठेवल्यावर त्या भिंतीजवळच उभ्या राहिल्या. मी नळाचा आटा पुन्हा पुन्हा आवळत राहिलो. त्याची आवश्यकता नव्हती.

"ऐकलंस तू," त्या म्हणाल्या.

"थोडं ऐकलं."

"मार्चअखेर येतोय तो."

"चांगली गोष्ट आहे, ओलेटाबाई."

"आणि मी हो म्हणून बसलेय." त्यांनी दाराच्या खुंटीवरचा कोट काढला. "आटप ते. मला पलीकडं सोड."

पलीकडे म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. त्या काठावर एकच घर होते. पुलावरून चालत जाणे सहज शक्य होते, पण गाडीत बसले म्हणजे मधूनच परत फिरता येत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. मी गाडी ओसरीपाशी उभी केली. जाळीच्या दारामागे आयसीबाई स्पष्ट दिसत होत्या. त्यांना ओलेटाबाईही दिसत होत्या.

"कोण आहे?" आयसीबाईंनी आतून विचारले.

"दिसतंय तुला कोण आहे ते."

"ऊन डोळ्यावर येतंय."

आकाश सकाळपासून भरलेले होते. ओलेटाबाईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि पायरी चढून दाराशी गेल्या.

"आयसी," त्या म्हणाल्या, "त्या केकमध्ये तूप किती घालतेस, ते मला सांग."